साहेब शेवटचे नीट कधी बोलले?

"मेजर स्ट्रोक," साहेबांना तपासून डॉक्टर म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलंच, "मेजर नहीं सर, ब्रिगेडियर!"

डॉक्टर हैदराबादचे. हसले नाहीत. हिंदीत समजावलं: स्ट्रोक म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं, आणि मेजर म्हणजे मोठा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मी देवगडकडचा स्वयंपाकी. इथे आखातात, अहमदीत, साहेबांकडे अकरा वर्षं आहे. साहेब ब्रिटिश सैन्यात सेकंड लेफ्टनंटपासून ब्रिगेडियरपर्यंत चढले. जर्मनी, सायप्रस करत शेवटी इथल्या सैनिकांना शिकवायला आले आणि बायको गेल्यावर इथेच राहिले. रिटायर झाले तरी घरात ऑर्डरच चालायची. दार बंद असेल तर ठोठावायचं नाही, ही पहिली.

"लास्ट सीन नॉर्मल?" डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे पेशंटला शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देतात. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

"दस बजे," मी म्हणालो.

साफ खोटं. दहाला मी दार उघडलं, तेव्हा साहेबांचं तोंड वाकडं झालं होतं. साहेब नीट बोलले ते आठला. साडेआठला आतून चहा मागितला, तेव्हाच जीभ जड वाटली होती. चिडलेत समजून मी ऑर्डरप्रमाणे चहा दाराशी ठेवला आणि कांदा चिरायला गेलो. हे कळलं तर मला पोलीस नेतील, असंच वाटत होतं.

नर्स इंजेक्शनची तयारी करू लागली. मी डॉक्टरांची बाही धरली. "आठ बजे ठीक थे, सर. मैं झूठ बोला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "अभी टाइम है. लेकिन ऐसा कभी मत करना." आणि नर्सला इंजेक्शन द्यायला सांगितलं.

बाहेर खुर्चीत बसून देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तेही धड आठवेना.

तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, बोलणं जडावलं, तर आधी घड्याळ बघा, लगेच हॉस्पिटल गाठा आणि खरी वेळ सांगा.

तिसऱ्या दिवशी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं शिकवणाऱ्या बाई, आल्या. साहेबांना स्वतःचं नाव सांगता येईना. रँक विचारली, तर सेकंड लेफ्टनंटपासून एकेक म्हणत कर्नलपर्यंत गेले आणि अडकले. रडले.

आठवड्याने 'ब्रिगेडियर' आलं. त्याच दिवशी मी त्यांना साडेआठचं सगळं सांगून टाकलं.

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. "ऑर्डर... माय ऑर्डर. माय फॉल्ट. नॉट यू."

आता मी रोज न विचारता दार उघडतो आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणतो. नीट उत्तर येईपर्यंत दारातून हलत नाही.