तीर्थाशिवाय घाट चढणारी जीप

उद्या रविवारी सकाळी दहा वाजता आंबेमाळच्या सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, बैठक बसणार आणि तिथे आपल्या लेकीला, सेजलला, साऱ्या भावकीसमोर एकटीला उभं राहावं लागणार, हे अपेक्षाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. बिरवाडीच्या खोलीत तिने एकदा निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले, मग वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणले आणि परत नेऊन घातले. बैठकीत एकच गोष्ट ठरायची होती. पोलादपूर ते आंबेमाळ या रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या सेजलच्या वडाप जीपला नंबर राहणार की जाणार. नंबर गेला की स्टँडवर गाडी लावता येत नाही, आणि गाडी लावता आली नाही तर ती दारात उभी राहून गंजते.

तक्रार करणारा परका असता तर अपेक्षाला एवढं लागलं नसतं. तक्रार भरतची होती. भरत म्हणजे तिचा धाकटा दीर, सेजलचा सख्खा काका.

सेजल जीप चालवायला लागली ती तळीयेवर दरड कोसळली त्या वर्षीच्या दिवाळीत. महाडला नुकतीच बीकॉम झाली होती. अपेक्षाने तिच्यासाठी एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात नोकरी बघून ठेवली होती. पंखा, खुर्ची, सहाला सुट्टी. पण आंबेमाळला आजोबांना, मालोजींना, डोळ्यांनी दगा दिला. तीस वर्षं त्या घाटात जीप हाकलेला माणूस समोरून येणारी म्हैस आणि खडक यांत फरक करीना. सेजल आठ दिवसांसाठी म्हणून आजोबांकडे गेली ती तिथलीच झाली. गाडी तिला येत होतीच. बारावीच्या सुट्टीत आजोबांनी भाताची पोती भरून तिला शेताच्या वाटेवर शिकवली होती. "माणसं घालण्याआधी पोती घाल. पोती वरडत नायत," म्हणायचे. पुढे तिने पेणला जाऊन लायसन्स केलं, बॅज घेतला.

पहिल्या दिवशी पोलादपूरच्या स्टँडवर बायका निमूट आत बसल्या आणि पुरुष उगाच बिडी पेटवत बाहेर रेंगाळले. शेवटी चांगू उतेकर दार धरून म्हणाला, "गो सेजल, ब्रेक कुठं हाय म्हाईत हाय ना?"

"हाय ना काका. पण मधी कोण बोललं तर इसरते."

सगळी गाडी हसली आणि चांगू मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसला. हा किस्सा अपेक्षाने बिरवाडीत चार घरी सांगितला होता. काळजी एका बाजूला, आणि असं काही सांगताना तोंडावर फुटणारं हसू दुसऱ्या बाजूला. पोरगी ड्रायव्हर झाल्यापासून तिचं हे असंच चाललेलं.

आंबेमाळच्या वाटेवर चौथ्या वळणाला घाट सांभाळणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, दगड आहे. वैशाखात मुंबईकर गावाला आले की तिथे वाडीची राखण, म्हणजे त्या देवाची वर्षाची पूजा, होते. पुरुष कोंबडा कापतात, तिथेच चूल मांडून रस्सा शिजवतात, नारळ फोडतात, देवाला दारू दाखवतात आणि मग तीच दारू तीर्थ म्हणून पंगतीत फिरते. या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यायचं, म्हणजे वर्षभर घाटात राखणदार पाठीशी राहतो. बायकांनी मात्र राखणीला जायचं नाही, तिथलं खायचं नाही. पंगतीत जे बसले त्यांनी पंगतीतली गोष्ट बाहेर काढायची नाही, हीसुद्धा रीतच, राखणदाराची शपथच.

सेजलच्या पहिल्या राखणीला मोठाच पेच पडला होता. गाडी तर नंबरातली, तिला राखण पाहिजे. पण ड्रायव्हर बाईमाणूस. खूप काथ्याकूट होऊन ठरलं की गाडी पन्नास पावलांवर आंब्याखाली उभी करायची, चाकाला नारळ द्यायचा आणि सेजलने गाडीतच बसायचं. तिला तीर्थ नाही. त्या दिवशी परतीला सात जीपवाल्यांतली शुद्धीवर अशी ती एकटीच होती. म्हाताऱ्यांना, पोरांना तिनेच दोन खेपांत वाडीत पोहोचवलं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या राखणीला त्या सातांतल्याच भिकू कळंबेची जीप तिसऱ्या वळणावरून खाली गेली. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. भिकूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सेजल दर रविवारी त्याला भेटायला दवाखान्यात जायची. कितीतरी दिवस तो एकच सांगायचा, "दारू नाय घेतली मी. तीर्थ घेतलं फक्त." मग एका रविवारी तो आपणहून म्हणाला, "पोरी, पोटात गेल्यावर दोनी सारखीच गो."

एवढं ऐकून सेजल गप्प बसणारी नव्हती. पुढच्या राखणीआधी तिने सहाणेवर विषय काढला. दारू वाईट, पोलीस पकडतात, दंड होतो, यातलं ती काही बोलली नाही. खाली हायवेला पोलीस नळीत फुंकायला लावतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि वर घाटात कोणी येत नाही हेही ठाऊक होतं. ती म्हणाली, "दोन वर्षं माझी गाडी तीर्थाशिवाय घाट चढते. तुमीच ठरवलात, मला तीर्थ नाय. मग राखणदार कोपला का माझ्यावर? माझ्या गाडीला ओरखडा नाय. आणि ज्यानं रीतीनं तीर्थ घेतलं, तो भिकूकाका कुबडीवर आलाय."

मालोजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते म्हणाले, "मग चालवणाऱ्याला नारळाचं पाणी द्या. देव तोच, तीर्थ दुसरं." आणि ते मान्य झालं. अपेक्षाला हे सगळं चांगूने फोनवर सांगितलं, ब्रेकची चेष्टा करणाऱ्या त्याच चांगूने. "वयनी, पोरगी वकील व्हायला पायजे व्हती," म्हणाला. अपेक्षा कॉलेजात वक्तृत्वाला दुसरी आली होती. बक्षीस म्हणून मिळालेला पेला अजून तिच्याकडे होता. पण तिला सहाणेवर असं बोलता आलं असतं का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं आणि उत्तर तिला आवडलं नाही.

राखणीपुरतं सुरू झालेलं मग वर्षभराचं झालं. भिकूला आता गाडी चालवता येत नव्हती, म्हणून सेजलने सगळ्यांना पटवून स्टँडवर नंबर लावायचं काम त्याला मिळवून दिलं. भिकूची अट एकच. प्रत्येक ड्रायव्हरने खेपेआधी त्याच्या तोंडावर फुंकर मारायची. वास आला की त्या दिवशी नंबर नाही. गांजा ओढून आलेल्या एका पोराला त्याने डोळ्यांवरूनच ओळखलं आणि घरी पाठवलं. पहिले काही दिवस जीपवाले मुद्दाम लसणीची चटणी, सुकट खाऊन यायचे.

"भिकूशेठ, घ्या, आज बोंबील हायत!"

"घाल रे. पाय गेला, नाक हाय अजून."

दोन वर्षांत त्या रस्त्यावर एकही गाडी घसरली नव्हती. हळदीचं आमंत्रण आलं की बायका आधी विचारायच्या, परत यायला सेजलची गाडी आहे ना. आरोग्य खात्यातली सोनाली एकदा अपेक्षाला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमची मुलगी चालवत असली की मी मागे खुशाल झोपते. बाकीच्यांच्या गाडीत मी सुद्धा ब्रेक दाबत असते." त्या दिवशी अपेक्षाने गरज नसताना अर्धा किलो पेढे घेतले.

आणि मग या वर्षीची राखण आली.

भरत मुंबईहून नवी गाडी घेऊन आला होता. पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. गाडीची पूजा राखणदारापाशीच करायची होती. अपेक्षा त्या दिवशी वाडीत आलेली. बायकांनी दगडापाशी जायचं नसल्यामुळे ती सेजलच्या जीपमध्ये, आंब्याखाली बसून होती. तिथून पंगत स्वच्छ दिसत होती. भरतने चालवणाऱ्याचं नारळाचं पाणी नाकारलं. "मी काय वडापवाला हाय? ही माझी घरची गाडी," हे त्याचं बोलणं तिला ऐकूही आलं. त्याने पेला तोंडाला लावला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणि तो पेला काठोकाठ होता. भिकूची फुंकर नंबरातल्या जीपवाल्यांना, घरच्या गाडीला कोणी विचारणाराच नव्हता.

पंगत उठली. भरतने गाडीचं दार उघडलं. पोलादपूरला उतरून सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणतो म्हणाला आणि चार पोरांना हाका मारून मागे बसवलं. सेजल जीपमधून उतरली, चालत गेली, खिडकीतून हात घालून तिने चावी काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

"काका, आइस्क्रीम मी आणते. तुमी मागं बसा."

"चावी दे."

"उद्या सकाळी देते."

"सगळ्या भावकीत माझी लाज काढतेस? वयनी! तुमीच सांगा हिला."

आणि अपेक्षा जीपमधून म्हणाली होती, "सेजल, दे गो चावी. काका आहेत तुझे."

सेजलने आईकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. मग पोरांना खाली उतरवलं, जीपमध्ये बसवलं आणि निघाली. सगळ्या वाटेत ती आईशी एक शब्दही बोलली नाही. पोलादपूरला पोहोचल्यावर तेवढं विचारलं, "आई, तुला मँगो की पिस्ता?" आईला पिस्ता आवडतो हे तर सेजलला ठाऊकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चावी नेऊन दिली. पण भरतने गावभर सांगितलं की त्याने तीर्थ ओठाला लावलं तेवढंच. पोरीने माज केला, देवाच्या दारात काकाचा अपमान केला, तिने राखणदारापुढे नाक घासावं आणि वर्षभर तिचा नंबर बंद ठेवावा, अशी त्याची मागणी होती. त्याला पाठिंबा देणारे चार मुंबईकर होतेच. त्यांना चालवणाऱ्याचा नियमच नको होता. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने तीन पेले पाहिले होते, पण पंगतीतलं कोण बोलणार? चांगूने सुद्धा फोनवर हळूच सांगितलं, "वयनी, बोलायला तोंड हाय, पण शप्पथ हाय."

साडेचारला अपेक्षाचा नवरा अनिल कारखान्यातून, पहिल्या पाळीवरून आला. डबा ठेवला, हातपाय धुतले आणि बायकोच्या तोंडाकडे बघून चहा स्वतःच टाकला.

"उद्या मी वाडीला जाऊ का?" अपेक्षाने विचारलं.

"जा की. पोरीला बरं वाटेल."

"बसायला नाही. बोलायला."

अनिल चहा ढवळत राहिला. "भरत भाऊ हाय माझा. परवाच्याला परत एका ताटात जेवायचंय. आणि सहाणेवर बाईमाणूस..."

"सेजल बोलली की तिथे."

"ती ड्रायव्हर हाय."

"आणि मी?"

त्याने गॅस बंद केला. मग त्याने विचारलं, "तू बघितलंस? नक्की?"

"तीन पेले. तिसरा भरून. मग त्याने पोरांना गाडीत घेतलं. आणि मी, मी आपल्या पोरीला म्हणाले चावी दे."

अनिलने दोन कपांत चहा गाळला. गाळणं झटकता झटकता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग मला कशाला विचारतेस?"

चहा निवत राहिला. अपेक्षा विचार करत होती ती शपथेचा. पंगतीत बसलेल्याने बोलायचं नाही. पण तिला कोणी पंगतीत बसू दिलं नव्हतं. पन्नास पावलांवर, बायकांच्या जागेत बसवून ठेवलं होतं. तिने तिथलं घासभरही खाल्लं नव्हतं, मग तिच्यावर कसली शपथ? सेजलने हाच धागा धरून दोन वर्षांपूर्वी सहाणेला गप्प केलं होतं. पोरीला जे सहज दिसलं ते आईला दिसायला एवढे दिवस लागले, याचं तिला थोडं हसूही आलं. आणि त्या हसण्यात एवढा अभिमान होता की तिचं तिलाच नवल वाटलं.

सेजलला आधी सांगावं, असं तिला वाटलं. पण सेजल म्हणाली असती, "आई, राहू दे, घरात भांडण नको," आणि तेवढं ऐकून आपण राहू दिलं असतं, हे अपेक्षा स्वतःबद्दल ओळखून होती. शिवाय दिराविषयी सहाणेवर बोलायचं तर त्याला आधी तोंडावर सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता. तिच्या लग्नात करवल्यासारखा मिरवलेला, सेजलला खांद्यावर घेऊन नाचलेला भरत होता तो. त्याला उद्या दहापर्यंत स्वतःहून खरं बोलायची संधी होती. तो बोलला नाही, तर ती बोलणार होती.

तिने फोन घेतला, सेजलच्या नावावरून बोट पुढे सरकवलं आणि 'भरत भावजी' वर आणून ठेवलं.