थांबणारा तबला

ताईचा नाचाचा वर्ग टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर भरायचा. कुरकुरणारा पंखा, भिंतीला एक लांब आरसा आणि कोपऱ्यात तबल्यावर बसलेला दादा, तिचा सख्खा थोरला भाऊ. लग्न दोघांनीही केलं नाही. तिने कथक केलं आणि त्याने तिला साथ केली, असं लोक कौतुकाने म्हणत. घरात मात्र दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

चिमणी ही ताईची जुनी विद्यार्थिनी. ती बाहेर जाऊन दुसरे नाच शिकून आली आणि तिने नवा कार्यक्रम बसवायला घेतला. त्यात कथक, जोडीला बुटांच्या टाचांनी ताल वाजवणारा एक नाचणारा आणि मागे ड्रमसेट. कथकासाठी तिने ताईलाच बोलावलं. पन्नाशी उलटली तरी ताईला मोठा रंगमंच मिळाला नव्हता. आता तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

पहिल्याच तालमीत तिने दादाचा काटा काढला.

"याला वगळ गं," ती सगळ्यांदेखत चिमणीला म्हणाली. "हा रेंगाळतो. आयुष्यभर मीच ओढत आणलंय याला."

ड्रमवाला फिसकन हसला. दादाने तबल्यावर खोळ चढवली, डग्गा काखेत मारला आणि तो निघून गेला. ताईला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं.

ड्रमवाल्याच्या कानात ठोके देणारं यंत्र होतं, आणि यंत्र कुणाच्या बापासाठी थांबत नाही. तोड्याच्या शेवटी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्यांनी एकदम यायचं होतं. बूटवाल्याची टाच पडली, ड्रम पडला आणि पंगत उठल्यावर पाहुणा यावा तसे ताईचे घुंगरू मागून आले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. ताई म्हणाली, जमीन निसरडी आहे. मग म्हणाली, स्पीकर खराब आहे. मग ड्रमवाल्यावर घसरली. नाचता येईना अंगण वाकडं, असं नाचणारीच्या तोंडावर कुणी म्हणत नाही. पण ते खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेलं. चिमणीने तालमीचं चित्रीकरण दाखवलं. उजवा गुडघा दर वेळी उशिरा उचलला जात होता. मग तिने वर्गाच्या एका जुन्या कार्यक्रमाचं लावलं. त्यात ताई समेवर बरोब्बर होती, आणि तिचा पाय पडेपर्यंत दादाचा हात हवेत थांबलेला होता.

ती घरी आली तेव्हा दादा गच्चीत चादरी वाळत घालत होता.

"तू माझ्यासाठी थांबायचास?"

"हो."

"कधीपासून?"

"तू जिन्यात पडलीस आणि गुडघा गेला, तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही? तेव्हा वय होतं माझं. मेहनत करून सुधारले असते मी!"

"सुधारली असतीस की." दादाने चादर झटकली. "मग तुला कुठलाही तबलजी चालला असता. मला कोण विचारत होतं?"

तिला रडू फुटलं. त्याही स्थितीत तिने हिशेब केला. "दादा, उद्या ये. तूच वाजव. मी चिमणीला सांगते."

"रेंगाळणारा कशाला हवाय आता?"

"पाया पडते तुझ्या."

"पड."

ती खरोखर वाकली. दादाने तिला पूर्ण वाकू दिलं.

"नाही येणार," तो म्हणाला आणि त्याने बादलीतून दुसरी चादर उचलली.

चिमणीने तोडगा काढला. पोरगी वाईट नव्हती, नुसती घाईत होती. ताईने एका जागी उभं राहून फक्त हातांनी आणि चेहऱ्याने अभिनय करायचा, घुंगरू बांधायचे नाहीत. पायांचा आवाज बूटवाला देईल. प्रकाश कमरेच्या वरच पडेल. ताईला नाही म्हणता आलं असतं. पण रंगमंच सुटेल या भीतीने तिने मान डोलावली.

प्रयोगाला टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला आयुष्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. नंतर लोक भेटायला आत आले, त्यांच्यात दादाही होता, इस्त्रीच्या कपड्यांत. त्याने सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज अगदी समेवर होतीस हो," तो म्हणाला.

सगळे हसले. ताईलाही हसावं लागलं. हसता हसता तिने आपले रिकामे पाय घागऱ्याखाली ओढून घेतले.