फळ्यावरचा सतरा नंबर

माझं डोकं तापट, हे आधीच सांगून टाकते. वलगावकडच्या शाळेत आठवीचा वर्ग माझ्याकडे होता आणि त्या पोरांनी मला नुसतं पिडलं होतं. त्यात सतरा नंबरची पोरगी सगळ्यांवर कडी. ती हसायला लागली की शेजारचा वर्गही खिदळायचा.

एका सोमवारी मी नियमच काढला. जो बडबड करेल त्याचा हजेरी नंबर फळ्याच्या कोपऱ्यात, आणि मी तो पुसेपर्यंत त्यानं चकार शब्द काढायचा नाही.

"घरी बी नाही का, मॅडम?" सतरा नंबरनं विचारलं. सगळे हसले.

"घरीसुद्धा नाही!" मी ओरडले आणि पहिला तिचाच नंबर लिहिला.

त्याच दुपारी अकोल्याच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशीपासून मी तिकडे. फळ्याचं पार विसरून गेले.

पुढच्या सोमवारी परतले, तर फाटकाशी तिची आई उभी. "मॅडम, काय केलं माह्या पोरीले? आठ दिस झाले, बोलून नाही राहिली. काहून म्हनून इचारलं तं वही दाखवते."

तिनं वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं : मॅडमनं अजून पुसलं नाही.

धावत वर्गात गेले. वर्गावर कोणी शिक्षक नव्हते, तरी चाळीस पोरं हाताची घडी घालून गप्प. पंख्याचा तेवढा आवाज. सगळा फळा स्वच्छ, फक्त कोपऱ्यात सतरा. मी लिहिला होता त्याच्यापेक्षा कितीतरी जाड.

काही सुचेना म्हणून हजेरी घेतली. सोळा नंबर "हजर" म्हणाला. मी सतरा म्हणण्याआधीच अठरा नंबर "हजर". मध्ये कोणी नाहीच जणू. ती दुसऱ्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती.

"हा नंबर कोणी गिरवला?"

मॉनिटर उठला. "रोज एकेकाची पाळी लावली, मॅडम. मिटू नाही म्हनून." शाबासकी मिळेल अशा थाटात त्यानं सांगितलं. खरं सांगते, भर दिवसा मला त्या पोरांची भीती वाटली.

डस्टरनं पुसलं, मग ओल्या फडक्यानं घासलं. "माझं चुकलं गं माय. बोल आता."

ती उठली, फळ्याशी आली, कोपऱ्यात वाकून बघत राहिली.

"पुसलं तरी दिसते, मॅडम," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

खरंच दिसत होता. फळा वाळत गेला तसा सतरा पुन्हा वर आला.

ती आता बोलते, पण विचारलं तेवढंच. शेजारच्या बाई म्हणतात, तुमचा वर्ग किती शिस्तीत आहे हो! मी रोज आत शिरण्याआधी दाराशी थांबून कान देते. हसा रे बाबांनो, कोणीतरी हसा.