बसमधला कूलर

कूलरच्या नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की ओल्या गवताचा वास सुटतो, आणि मला हुडकेश्वरचा तो उन्हाळा आठवतो. घराचं बांधकाम चालू होतं, विजेचं मीटर अजून लागायचं होतं, आणि आम्ही नवराबायको प्लॉटवरच एका जुन्या बसमध्ये राहत होतो. आत पलंग आणि ओटा बसवून घेतला होता. बाहेरचा लहानसा जनरेटर कूलर ओढायचा नाहीतर फ्रिज, दोन्ही नाही. एका दुपारी कामठीहून नणंद आणि नणदोई आले. आमच्याकडे पाहुणा टेकायच्या आधी कूलर त्याच्याकडे वळतो. मी फ्रिज बंद करून कूलर लावला, आणि आम्ही दोघं तापलेल्या पत्र्यापासून अंग चोरून बसलो. चहा झाला, सरबत झालं, तरी ती दोघं हलेनात. फ्रिजमधलं दूध नासत असेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. नवरा उठून उठून पेट्रोल बघून येत होता. शेवटी जनरेटरने आचके दिले आणि बंद पडला. पंखा थांबला तशी नणंद नणदोयांकडे बोट दाखवत ओशाळून म्हणाली, "वहिनी, खरं सांगू का वं, आमच्याकडे सकाळपासून लाइट नाही. मीच यायले म्हटलं, दादाच्या बसमध्ये तरी थंड असन." मला रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. आता पक्कं घर आहे, मीटर आहे. तरी भर दुपारी बेल वाजली की दार उघडायच्या आधी माझा हात फ्रिजच्या बटणाकडे जातो.