नवी पेठेतली हाक

मी तिला ओळख दाखवली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. फोटो टाकत नाही, नाव लिहीत नाही. गाव आणि नवऱ्याचं कामसुद्धा मुद्दाम बदलून लिहितेय. तरी पोस्ट तिचीच आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी 'हॉस्पिटलमध्ये कौन्सेलर' एवढंच सांगितलंय. कसली, ते नेहमी गिळते.

तर सांगते. सोळा नंबरच्या खोलीत बसते. संबंधांतून होणाऱ्या आजारांवर ज्या बायकांची ट्रीटमेंट चालू असते, त्यांच्याशी बोलायचं माझं काम. गोळ्या दोघांनी घ्यायच्या. कोर्स पुरा होईपर्यंत संबंध नको. नंतर कंडोम. तो कसा वापरायचा, ते टेबलावरच्या लाकडी मॉडेलवर करून दाखवते.

झालं. लिहिलं एकदाचं.

तिला इथं शांताबाई म्हणते. मोहोळकडची. नवरा बोअरवेलच्या गाडीवर, दोन-दोन महिने बाहेर. आला की हिचा त्रास पुन्हा सुरू.

पहिल्या दिवशी मी पोपटासारखं सगळं बोलून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"ताई, तुमचं लगीन झालंय न्हवं?"

"झालंय की."

"मग तुमी तुमच्या मालकास्नी एकदा म्हणून दावा. 'ह्ये घाला' म्हणून."

खरं सांगते, माझीही हिंमत झाली नसती.

पुढच्या खेपेला तीच तोडगा घेऊन आली.

"निरोध म्हणलं तर 'माज्यावर संशय घेतीस व्हय' म्हणून मारंल. म्या म्हणलं, डॉक्टरनी पथ्य सांगितलंय. लई कडक. मोडलं तर दोघांस्नी बाधतंय. गप ऐकलं बगा! पथ्याला वांगं सोडतोय त्यो, ह्ये काय मोठं!"

पोट धरधरून हसलो दोघी.

तेव्हापासून प्रत्येक बाईला मी हेच सांगते. पथ्य म्हणा. एका ट्रेनिंगमध्ये तर 'माझी पद्धत' म्हणून सांगून टाळ्यासुद्धा घेतल्या. निर्लज्जासारख्या.

आता त्या दिवसाचं.

आमच्याकडे नियम आहे. पेशंट बाहेर कुठं दिसली, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तिच्यासोबत कोण असेल, काय सांगावं. तिनं हाक मारली तरच बोलायचं.

रविवार होता. दिराच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही नवी पेठेत. सासूबाई, त्यांची बहीण आणि मी. साडीच्या दुकानाची पायरी चढतोय, तेवढ्यात गर्दीतून खणखणीत आवाज,

"ओ सोळा नंबरच्या ताई!"

तिनं हाक मारली होती. म्हणजे नियमाप्रमाणे आता मी बोलायला हवं होतं.

जवळ आली. चेहरा उतरला होता. मला तो दिसला होता, हे कबूल करते.

"ताई, एक इचारायचं हुतं. दोनच मिंटं."

सासूबाई बघत होत्या. मावशी बघत होत्या. ही आता काय बोलेल आणि मावशी ते लग्नघरात कसं पसरवतील, एवढंच माझ्या डोक्यात.

म्हणाले, "कोण तुम्ही? चुकलात वाटतं."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं.

"व्हय की. चुकलंच. माफ करा बाई."

आणि गेली.

"कोण गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काय माहीत," म्हणाले आणि आत जाऊन मोरपंखी साडी पसंत केली.

त्यानंतर ती आली नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. काय तोंडानं करणार होते?

गेल्या महिन्यात तिची लेक माझ्या खोलीत आली. कशासाठी, ते तिचं तिच्यापाशी.

"आईनं सांगून ठेवलं हुतं, कायबी झालं तर सोळा नंबरच्या ताईकडंच जा."

"आई कशी आहे?"

"गेली की. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. लई दिस अंगावरनं जात हुतं. बोललीच न्हाई कुणाला."

एक इचारायचं हुतं.

मला पुढचं ऐकवेना, पण पोरगी बोलत होती. "आई लई नाव काढायची तुमचं. नवी पेठेत भेटला हुता न्हवं? म्हणायची, सासू संगं हुती ताईच्या. मीच येडी, चारचौघात हाक मारली. पर ताईनं वळख न्हाई दावली. माजी अब्रू राखली बाईनं."

तिची अब्रू कसली राखतेय! मी माझी राखत होते.

त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं नाही. ट्रेनिंगमध्ये टाळ्या घेणारी मी, नुसती मान हलवली. परवा ती परत आली तेव्हा सगळं सांगितलं. "नियम नव्हता तो. मला घरच्यांपुढं लाज वाटली."

तिनं टेबलावरचा केसपेपर घडी करून पर्समध्ये ठेवला.

"बरं झालं, आईला ह्ये कळलं न्हाई."

रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "हे लिहू का?"

"लिवा. नाव तेवढं नका टाकू."

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. कशावरून? त्या दोन मिनिटांत मी म्हणाले असते, उद्याच तपासायला या. ती आली असती. माझं ऐकायची ती.

सासूबाई, तुम्ही माझ्या पोस्ट लाईक न करता वाचता, ठाऊक आहे मला. त्या दिवशी विचारलं होतंत, कोण गं ती. माझ्या चांगल्या ओळखीची होती.

शांताबाई, तुमचं खरं नाव मनात घेऊन हात जोडते.

तुम्ही चुकला नव्हतात. ती सोळा नंबरची ताई मीच होते.