कांबळे सरांच्या गाडीची कॅट

"ही कॅट काढून फेका आणि हा पाइप बसवा," म्हणत कांबळे सरांनी डिकी उघडली. आत चांगला जाडजूड, आरशासारखा चकचकीत सायलेन्सर होता. पुण्याच्या जावयाने पाठवलेला.

सर तुळजापूरच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. माझं गॅरेज घाटाखाली, तामलवाडीला. गाडी माझ्यापर्यंत पोचली ती उताराच्या कृपेने. चढायचं म्हटलं की तिचा जीव जात होता. जावयाच्या भाषेत ती 'क्लासिक' होती, आरटीओच्या भाषेत जुनी. तिचं रजिस्ट्रेशन संपत आलं होतं. फेरपासिंगला नापास झाली की थेट भंगार.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधला एक डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. विषारी धूर तिच्यातून जाताना बराचसा निवळतो. जाळी तुंबली तर धूर अडतो आणि गाडी ओढत नाही. नाक दाबून घाट चढा म्हणजे कळेल.

"सर, कॅट काढली तर PUC मिळणार नाही. PUC नाही तर पासिंग नाही. शिवाय कायद्याने काढताच येत नाही."

"जावई म्हणतात, सगळेच काढतात."

"पासिंगला जावई येणारेत का?"

सरांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. "आमच्या वस्तीतली ही पहिली मोटार. माय पुढच्या सीटवर बसून नागपूरला दीक्षाभूमीला जाऊन आली. गाडी भंगारात घातली असं तिला सांगायचं माझ्यात धैर्य न्हाय बघा."

मला गलबलून आलं. पण गलबलून पासिंग होत नाही. मी गाडी रॅम्पवर घेतली आणि खालून पाइपवर रबरी हातोडी मारली. आत काहीतरी खुळखुळलं.

"बघा, कॅट फुटलीय," सर म्हणाले. मलाही तसंच वाटलं. फुटलेली कॅट अशीच वाजते.

तरी काढल्याशिवाय निदान करायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत. गंजलेले नट तापवून डबा उतरवला आणि बल्बासमोर धरला. जाळीच्या प्रत्येक भोकातून उजेड आला. कॅट ठणठणीत होती.

म्हणजे अडचण तिच्या मागे. सायलेन्सर उतरवून उभा धरला, हलवला. खुळखुळ तिथेच होती, पण बाहेर काही येईना. मग मागची बाजू ग्राइंडरने कापली. आतून दाणे काढलेलं मक्याचं कणीस पडलं. बऱ्यापैकी पिवळं होतं. त्यामागून दुसरं, भाजलेलं. शेवटचं म्हणजे नुसता कोळसा.

सरांनी तिन्ही ओळीने मांडली. मग त्यांनी जळकोटला, गावी, आईला फोन लावला. स्पीकर सुरूच होता.

"माय, गाडीच्या पाइपात कनसं कुनी घातली?"

"म्या घातली. तू मुक्कामाला आलास की उंदरं शिरत्यात त्यात."

"आन् तीन तीन?"

"पडू न्हाय म्हनून काठीनं आत सारत व्हते. पुढच्या खेपंला बघावं तर दिसंना. पडलं आसंल म्हनून दुसरं घातलं."

"अगं, गाडी बंद पडायची वेळ आली!"

"मंग निघताना काढायचं की. गाडी कुनाची, माजी का तुजी?"

सरांनी "व्हय माय" म्हटलं आणि फोन ठेवला.

कॅट जागच्या जागी बसवली. सायलेन्सर आतून जळलाच होता. नवा लावला, मूळ मापाचाच, फक्त स्टेनलेस स्टीलचा. अपग्रेड म्हणायचं तर एवढंच. मग आम्ही दोघे घाटात गेलो. पहिल्या वळणावर सरांचा हात सवयीने गिअरवर गेला. खालचा गिअर टाकायची गरज पडली नाही. सर डोळे पुसत चालवत होते, म्हणून मी रस्त्याकडे लक्ष ठेवलं. जावयाचा पाइप डिकीत बसूनच घाट चढला.

गाडी PUCलाही पास झाली आणि पासिंगलाही.

पुढे एकदा सर ऑइल बदलायला आले. ते जळकोटहूनच येत होते. डिकी उघडली तर आत एक नवं कणीस. त्याला लांबलचक लाल नाडा बांधलेला.

"हे काय, सर?"

"मायनं तोड काढलीय. कणीस पाइपात, नाड्याचं दुसरं टोक गाडीच्या माझ्या बाजूच्या दाराच्या कडीला. ते सोडल्याबिगर मला गाडीत बसताच येत न्हाय."

मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण याहून बिनचूक सेफ्टी सिस्टीम पाहिलेली नाही. तेव्हापासून गाडी ओढत नाही म्हणून कुणी आलं, की बॉनेट उघडण्याआधी मी विचारतो, "मुक्काम कुणाच्या दारात असतो?"