मामांना ऐकू येणारा लांडगा

हिंगोली जिल्ह्यात जे काही वाजतं ते आधी माझ्या बायकोच्या मामांच्या कानात वाजतं आणि मग बाकीच्या जगापर्यंत पोचतं, असं माझं ठाम मत आहे. मामांचा डोळ्यांवर विश्वासच नाही. बाजारात हळद बघायला गेले तर रंगाकडे ढुंकून पाहत नाहीत. हळकुंड कानाजवळ धरून मोडतात आणि आवाज पटला तरच मान हलवतात. शेळी घेताना तिच्या पोटाला कान लावतात. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाही डोळे मिटून बसले, मला नुसतं बोलतं ठेवलं आणि शेवटी निकाल दिला, "पोरगं खोटं बोलंल, पण लगेच सापडंल." एकदा पुसेगावच्या फाट्यावर एसटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून, ही पुढच्या चढावर बंद पडणार, असं सांगत त्यांनी चौघांना गाडीत चढूच दिलं नाही. गाडी आरामात चढ चढून गेली. ते चौघे जे बोलले ते मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच चढावर बंद पडली, तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आवाज बराबर होता, दिवस तेवढा चुकला.

अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात लांडगा ऐकू यायला लागला. मामांचं शेत औंढा नागनाथच्या बाजूला, शेताला लागून उघडा माळ आणि दारात पाचपंचवीस मेंढरं. रोज दिवस मावळताना माळाच्या पलीकडून लांडगा ओरडतो, असं ते सांगू लागले. दुसऱ्या कुणालाच काही ऐकू येईना. त्या माळावर कित्येक वर्षांत लांडगा दिसलेला नव्हता. वनखात्याचा माणूस येऊन ठसे शोधून गेला, त्याला सशाच्या लेंड्यांपलीकडे काही सापडलं नाही. मामा मात्र तोंडातला घास तसाच ठेवून माळाकडे वळायचे. मामी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घाबरायच्या. शेवटी थोरल्या मुलाने ठरवलं की मेंढरं विकायची आणि वडलांना नांदेडला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं.

यावर मामांनी काढलेला तोडगा फक्त त्यांनाच सुचू शकतो. परदेशात, बर्फात, वाटाड्या सोबत देऊन लांडग्याच्या शिकारीला नेणारी एक कंपनी त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. त्यांनी मला फोन केला. "जावई, तुमी बुकिंग करा. खरा लांडगा एकदा जवळून आईकतो, मंग येडं कोण ते ठरवू."

मी गेलो. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे मामांच्या शेतघरी, बाजेवर बसून कंपनीच्या मुंबईच्या एजंटाला व्हिडिओ कॉल लावला. एजंट हिंदीत तंबू, गरम कपडे, बंदूक असं सांगत सुटला. मामांनी पहिला प्रश्न विचारला की वाटाड्या घोरतो का, घोरत असला तर दुसरा द्या. बंदूक नको म्हणाले, ती वाजली की दिवसभर कान कामातून जातात. बंदूक घेतली नाही तरी भाव तोच, असं एजंटाने अदबीने सांगितलं. मग मामांनी अट घातली की आधी माल ऐकवा.

एजंटाने लांडग्याचं ओरडणं लावलं. तो लांब, चढत जाणारा आवाज अंगणात पसरला आणि कुत्रं बाजेखाली शिरलं. मेंढरं एकमेकांना चिकटली. हसत उभा असलेल्या थोरल्याने मेंढरांकडे वळून पाहिलं. मामांनी डोळे मिटून तो आवाज दोनदा ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा न्हाई," ते हळूच म्हणाले. "म्या आईकतो तो हा न्हाई."

एजंट हॅलो हॅलो करत होता. मी फोन बंद केला.

त्याच संध्याकाळी मामा मला माळावर घेऊन गेले. मेंढरं चरत होती, कुत्रं मागून आलं होतं. सूर्य टेकला, गार वारा सुटला, आणि मामांनी बोट वर केलं. मला काहीही ऐकू आलं नाही. पण मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि सगळी एकाच दिशेला बघू लागली. तिकडे मोकळ्या माळाशिवाय काही नव्हतं. त्यांचं चावणंसुद्धा थांबलं होतं. मोबाइलमधल्या लांडग्याला भिऊन लपलेलं कुत्रं शेपूट हलवत चार पावलं पुढे गेलं आणि तिथेच, कुणाच्या तरी पायाशी बसावं तसं बसलं. थोड्या वेळाने मेंढरं पुन्हा चरू लागली.

"कोणी तरी वळखीचं हाय," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजातली भीती गेली होती. माझी तिथून सुरू झाली.

बुकिंग झालं नाही. मी पाहिलं ते थोरल्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही, पण मेंढरंही विकली नाहीत आणि नांदेडचं नाव काढलं नाही. या हिवाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा मामा माळावर बसलेले होते आणि शेजारी, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, मामी बसल्या होत्या. त्यांनाही आता ऐकू येतं का, असं मी मामींना बाजूला घेऊन विचारलं.

"मला कुठं काय येतंय आईकू," त्या म्हणाल्या. "पण ते आईकून राहिले की लई एकटे दिसतात. म्हणून येऊन बसते."